घरी केलेली सीडी आणि कोल्हापूरचे गाणे

कोल्हापूरच्या गाण्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला पहिल्याच पायरीवर एक रिकामी जागा भेटते. ज्यांच्यामुळे हे शहर हिंदुस्थानी संगीतात जयपूर-अत्रौली घराण्याचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले, त्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आज कोठेही ऐकायला मिळत नाही. खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियारा येथला. १८९५ च्या सुमारास ते राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि १९२२ मध्ये महाराज गेले तोवर इथेच राहिले. पुढे मुंबईस गेले आणि तेथेच १६ मार्च १९४६ रोजी त्यांचे देहावसान झाले. म्हणजे ग्रामोफोन हिंदुस्थानात आल्यानंतरही चांगली चार दशके ते हयात होते, गात होते, शिकवत होते. त्यांनी ध्वनिमुद्रण करू दिले नाही. कारणे अनेक सांगितली जातात. घराण्याची चीज वाटेल त्याच्या हाती जाईल ही धास्ती, आणि तीन मिनिटांत राग कसा मांडायचा हा रास्त प्रश्न, ही त्यांतली दोन. नातू अझीजुद्दीन खाँसाहेबांना त्यांनी आपली जीवनकथा सांगून ठेवली आणि तिचे इंग्रजी भाषांतर २००० साली पुस्तकरूपाने निघाले. शब्द राहिले, सूर गेला.

याच्या उलट उदाहरण पन्नास किलोमीटरवर मिरजेत आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी आणि पुन्हा १९३० च्या दशकात तबकड्या दिल्या. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना ते वारले. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. पण कबरीजवळ उभे राहण्याआधीच आपल्या कानात त्यांचा आवाज असतो, आणि तो असतो तबकड्यांमुळे. दोन्ही खाँसाहेब थोर. फरक एवढाच की एकाचा आवाज लोखंडी सुईखाली गेला, दुसऱ्याचा गेला नाही.

आमच्या समाजाने हिंदुस्थानी संगीताला काय दिले यावर भाषणे पुष्कळ झाली, आजही होतात. या लेखात ती पुन्हा करायची नाहीत. आम्हांला बोलायचे आहे ते एका अगदी साध्या, घरगुती वस्तूबद्दल, जिची इतिहासात कोणी नोंद घेतली नाही. २००० ते २०१० या दहा-बारा वर्षांत कोल्हापूर-सांगली भागातल्या गाडीवाल्यांनी घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर ज्या हजारो सीडी करून घेतल्या आणि त्या आपल्या गाडीत वाजाव्यात म्हणून ज्या खटपटी केल्या, त्या खटपटींचा हा वृत्तांत आहे.

त्याआधी थोडे मागे जायला हवे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी पहिल्या तबकड्या दिल्या तेव्हा गाणे संपताच त्या आपले नाव मोठ्याने सांगत. याला लोक आज गंमत समजतात. वस्तुतः ती गरज होती. मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई, तेथे त्याच्या तबकड्या दाबल्या जात, आणि तिथल्या कारागिराला हे गाणे कोणाचे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. तबकडी परमुलखात जायची असेल तर तिच्यावर नाव हवे, हा धडा तेव्हाचाच आहे. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच होऊ लागल्या.

अल्लादिया खाँसाहेब स्वतः गेले नाहीत तरी त्यांची तालीम तबकडीवर गेली. १९२१ पासून त्यांच्याकडे शिकलेल्या केसरबाई केरकर यांनी एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांना तबकड्या दिल्या. केसरबाईंचे कोल्हापूरशी नाते आणखी जुने. गोव्यातल्या केरी गावची ही मुलगी आठव्या वर्षी कोल्हापुरात आली आणि काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांपाशी शिकली. मोगूबाई कुर्डीकर, खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ आणि भूर्जी खाँ, त्या दोघांकडून तालीम घेतलेले मल्लिकार्जुन मन्सूर, कोल्हापुरात भूर्जी खाँसाहेबांकडे शिकलेल्या धोंडूताई कुलकर्णी, अशी ही परंपरा पसरली. मंजी खाँ १९३७ मध्ये गेले, भूर्जी खाँ १९५० मध्ये. पुढची पिढी मात्र अशा काळात गायली की टेप रेकॉर्डर आले होते. १९५२ पासून आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ज्यांच्या घरी रेडिओ आणि टेप दोन्ही होते ते कार्यक्रमाआधी कोरी टेप लावून बसत. खाजगी बैठकीत यजमानाच्या परवानगीने, आणि कधी परवानगी न घेताही, कोपऱ्यात टेप फिरत असे. सावनी नट, खोकर, बसंती केदार, संपूर्ण मालकंस असे राग ऐकायला मिळायचे ते अशा टेपांतूनच. कंपनीच्या दुकानात ते नव्हते.

१९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट काढली आणि ती दोन दशकांत आपल्याकडे घरोघर आली. १९८० नंतर स्वस्त कॅसेटींचा पूर आला. कोल्हापुरात या पुराचे पाणी सर्वांत आधी वडापच्या जीपमध्ये शिरले. वडाप म्हणजे काय हे घाटावरच्या वाचकाला सांगायला नको, कोकणातल्यांनाही नको. इतरांसाठी सांगायचे तर माणसे भरतील तशी भरून सुटणारी जीप किंवा ट्रॅक्स. ड्रायव्हरच्या डोक्यावर टपाला लागून दोन स्पीकर, समोर कार टेप, आणि खणात कॅसेटींची चळत. अझीज नाझाँ, युसूफ आझाद, शंकर-शंभू, साबरी बंधू, पुढे नुसरत फतेह अली खाँ. गाडी पन्हाळ्याच्या वाटेला असो की गारगोटीच्या, कव्वाली चालू. आत बसलेले निम्म्याहून अधिक प्रवासी हिंदू शेतकरी असत आणि त्यांना ती तोंडपाठ असे. उरुसातल्या पालांवर कॅसेटींची दुकाने लागत. खयाल मात्र वडापमध्ये कधी वाजला नाही. तो ज्यांच्याकडे होता त्यांच्या कपाटात कुलुपात होता.

इथे आमच्या घरांतली एक गोष्ट स्पष्ट लिहिलीच पाहिजे. आमच्यात गाण्याविषयी एकमत कधी नव्हते. एकाच घरात वाडवडील दर्ग्यावर कव्वाली ऐकत मोठे झालेले, आणि मुलगा किंवा जावई गाणेबजावणे ऐकू नये या मताचा, हे दृश्य १९९० नंतर नवे राहिले नाही. कोणाचे मत बरोबर याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. पण त्याचा परिणाम सांगणे इतिहासात बसते. दिवाणखान्यातला टेप बंद झाला, आणि गाणे गाडीत गेले. ज्याची स्वतःची गाडी, त्याला तिथे कोणी बोलत नाही. बाजार समितीला जाणारा व्यापारी, पुण्या-मुंबईला माल पोचवणारा कारखानदार, निवृत्त शिक्षक, यांची ऐकण्याची खोली म्हणजे मारुती किंवा इंडिका. महामार्ग चौपदरी झाल्यावर तर कोल्हापूर ते पुणे हा सव्वादोनशे किलोमीटरचा पट्टा सलग ऐकण्यासाठी मिळाला. कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटायची. नेमका विलंबित खयाल रंगात आला की खट् आवाज व्हायचा. सीडीत ऐंशी मिनिटे सलग मिळत होती. खयाल ऐकणाऱ्याला सीडीची ओढ लागली ती या हिशेबाने.

सीडी ही वस्तू १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी बाजारात आणली. १९८४ मध्ये पायोनियरने गाडीत बसणारा सीडी प्लेअर काढला. हे सगळे छापील सीडीचे. कारखान्यात साच्यातून दाबून जी सीडी निघते तिच्यात खरोखरीचे सूक्ष्म खळगे असतात आणि लेसरचा किरण ते वाचतो. घरी राइट करायची सीडी निराळी. ती १९८८ मध्ये जपानच्या तैयो युदेन कंपनीने तयार केली. तिच्यात खळगे नसतात, सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. राइट करताना लेसर त्या रंगावर ठिपके भाजतो. वाचताना भाजलेला ठिपका खळग्यासारखा भासतो. म्हणूनच या सीडी खालून निळ्या, हिरवट किंवा फिकट सोनेरी दिसत. जगाला कोऱ्या सीडी पुरवणाऱ्या मोठ्या कारखानदारांत आपल्या नोएडाची मोझर बेअर कंपनी होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९९९ च्या सुमारास सीडीचे उत्पादन सुरू केले, आणि काही वर्षांत कोरी सीडी चहा-भज्यांच्या भावात मिळू लागली.

संगणकावर सीडी झाली, संगणकावर वाजलीही. गाडीत घातली की पडद्यावर ‘एरर’, किंवा ती तशीच बाहेर. हा अनुभव ज्याला आला नाही असा त्या काळचा गाडीवाला विरळा. पैसे वाया, रात्र वाया. दोष सीडीचा की गाडीचा यावर वाद. वास्तविक दोष कोणाचाच नसे. गाडीतले यंत्र छापील सीडीसाठी बनलेले, त्यामुळे घरच्या सीडीने छापील सीडीचे सोंग शक्य तितके बेमालूम वठवले तरच ते तिला आत घेई.

पहिली भानगड ‘क्लोज’ करण्याची. सीडीच्या अगदी आतल्या कडेला तिची अनुक्रमणिका असते: गाणी किती, कोणते कोठे सुरू होते. घरी राइट करताना पुढे आणखी गाणी घालायची सोय राहावी म्हणून ही अनुक्रमणिका कच्ची ठेवता येते. संगणकाला कच्ची चालते. गाडीला चालत नाही. पक्की अनुक्रमणिका नसेल तर तिच्या लेखी ती सीडी कोरीच. जागा उरली आहे, पुढच्या आठवड्यात दोन कव्वाल्या घालू, अशी काटकसर करणाऱ्याची सीडी गाडीत कधीच वाजत नसे. राजारामपुरीतल्या, लक्ष्मीपुरीतल्या संगणकवाल्यांकडे गेले की पहिला प्रश्न ठरलेला, “क्लोज केलीया न्हवं?” आणि दुसरा, “ऑडिओ करू का एमपी-थ्री? गाडी कुठली हाय?”

हा दुसरा प्रश्न अधिक शहाणपणाचा होता. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि तिच्यात गाणी उचलून सीडीवर टाकायची सोय आयती मिळाली. पण तशी केलेली सीडी म्हणजे कागदपत्रांची पेटी. तिच्यात गाणे फाइल म्हणून असते. जुन्या कार प्लेअरला फाइल म्हणजे काय हे माहीतच नाही. त्याला हवी ऑडिओ सीडी, जिच्यात जास्तीत जास्त नव्व्याण्णव गाणी आणि ऐंशी मिनिटे एवढीच मर्यादा. ‘एमपी-थ्री’ असे अक्षर तोंडावर छापलेले प्लेअर पुढे आले तेव्हा फाइली वाजू लागल्या. मग एका सीडीवर बारा तासांचे गाणे मावू लागले आणि त्याबरोबर नवे घोटाळेही आले. प्लेअर गाणी नावांच्या क्रमाने लावी, म्हणून नावाआधी ०१, ०२ घालावे लागे, नाहीतर द्रुत आधी आणि विलंबित नंतर. लांबलचक नाव अर्धेच दिसे. मराठीत नाव दिले तर पडद्यावर चौकोन उमटत. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असे केले की काही प्लेअर वाटेतच हरवत.

तिसरी अडचण सीडी-आरडब्ल्यूची. पुसून पुन्हा वापरता येते म्हणून हौशी लोक ती महाग असूनही घेत. छापील सीडी तिच्यावर पडलेल्या किरणांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठवते. घरची साधी सीडी त्याच्या जवळपास जाते. आरडब्ल्यू मात्र पंधरा ते पंचवीस टक्के एवढाच परत देते. १९९० च्या दशकातल्या गाडीच्या प्लेअरला तेवढ्या मंद उजेडात वाचता येत नव्हते. ते तिला आरसा न मानता अंधार मानीत. ही गोष्ट दुकानदार सांगत नसत.

खयाल ऐकणाऱ्यांची म्हणून एक खास अडचण होती. तिचे वर्णन आम्ही मुद्दाम विस्ताराने करतो, कारण चित्रपटगीते ऐकणाऱ्याला ती कधी जाणवलीच नाही. सीडी राइट करण्याच्या दोन रीती. एकीत प्रत्येक गाणे सुटे लिहिले जाते, लेसर मधे थांबतो आणि दोन गाण्यांत दोन सेकंदांची शांतता पडते. दुसरीत सगळी सीडी एका दमात. विलंबित आणि द्रुत यांच्या दोन फाइली केल्या, आणि पहिल्या रीतीने सीडी केली, तर विलंबिताची सम येऊन तंबोरे चालू असताना एकदम मुके व्हायचे, आणि दोन सेकंदांनी पुन्हा उगवायचे. ज्याने आयुष्यभर तंबोऱ्याचा अखंड नाद ऐकला त्याला हा खड्डा काट्यासारखा टोचे. म्हणून आमच्यातले जाणकार ‘डिस्क ॲट वन्स’ हा पर्याय शोधून काढीत. नीरो नावाच्या प्रोग्रॅममध्ये तो मिळे. रोम जळत असताना वाजवत बसलेल्या बादशहाचे नाव भाजण्याच्या प्रोग्रॅमला देणाऱ्याची विनोदबुद्धी मात्र दाद देण्यासारखी.

आणि लोडशेडिंग! २००५ नंतरची ती वर्षे आठवतात का? दहा मिनिटे चाललेले काम नवव्या मिनिटाला अंधारात जाई आणि ती सीडी कायमची निकामी. जुन्या संगणकावर वीज असूनही हे होई. माहितीचा पुरवठा क्षणभर खुंटला की लेसर अडखळे. निकामी सीडी मग रिक्षाच्या आरशाला किंवा शेतात पाखरे हाकायला दोरीने टांगलेली दिसे. त्यावर जाणत्यांनी काढलेला तोडगा म्हणजे वेग कमी ठेवायचा, तेवढ्या वेळात दुसरे काहीही करायचे नाही, आणि वेळापत्रक पाहून बसायचे. महावितरणचे वेळापत्रक आणि मन्सूरांचा खयाल यांचा असा संबंध कोणत्या संगीत इतिहासात मिळेल?

चिकटवायच्या कागदी लेबलांनी तर गाड्याच बिघडवल्या. गाडीतल्या प्लेअरची फट अरुंद. वर कागद चिकटवला की सीडीची जाडी वाढते, उन्हात कागद सुटतो, आणि ती आत अडकून बसते. मग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन अख्खा डॅशबोर्ड उघडा. त्यावर जो एक गैरसमज होता तो आजही गेलेला नाही. सारे जण चकचकीत बाजूला जपतात. त्या बाजूला एक मिलिमीटरहून अधिक जाडीचे प्लास्टिक असते. बारीक ओरखडा तिथे फारसा बाधत नाही. खरा नाजूक भाग वरचा, जिथे आपण नाव लिहितो. तिथे परावर्तक थरावर लाखेसारखा केवळ एक पातळ पापुद्रा असतो. बॉलपेनने जोर देऊन लिहिले की गाणे त्याच ओळीवर फाटते. मऊ टोकाच्या मार्करने, मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे हे ज्यांना कळले त्यांच्या सीडी अजून वाजतात.

एवढी खटपट करून लोक सीडीवर काय घालत होते? दुकानात मिळणारी गाणी तर होतीच. पण ज्यांच्या कपाटात जुन्या टेपा होत्या त्यांनी या निमित्ताने त्या बाहेर काढल्या. टेप डेकची तार संगणकाला जोडायची, बटण दाबायचे आणि तासाचे गाणे तासभर ऐकत बसायचे. याला दुसरा उपाय नाही. इथे कान लागतो. टेप डेक जरा जोरात चालला की काळी एकचे गाणे काळी दोनवर जाते, गायकाचा गळा पातळ होतो. जुन्या तबकड्यांचेही तेच. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची म्हणवणारी तबकडी प्रत्यक्षात त्याच वेगाने मुद्रित झाली असेलच असे नाही. स्वर जुळवणारा माणूस शेजारी बसवून, पेटी घेऊन, वेग ठरवून केलेल्या सीडी आम्ही ऐकल्या आहेत. कोणत्याही कंपनीने इतकी मेहनत घेतली नसती. ही माणसे संग्राहक नव्हती, संशोधक तर नव्हेतच. त्यांना फक्त गाडीत गाणे ऐकायचे होते. पण गाडीसाठी म्हणून एक प्रत केली की मित्र मागे, त्याचा जावई मागे, आणि कुलुपातली टेप पाच घरांत जाई. घराण्याच्या चिजा बाहेर जाऊ नयेत म्हणून जुन्या उस्तादांनी जी काळजी घेतली तिचा शेवट असा कारच्या फटीत झाला. खाँसाहेबांना हे रुचले असते का? बहुधा नाही. तरीही अनेक मैफली आज ऐकू येतात त्या या बेशिस्तीमुळेच, आणि आम्ही या बाबतीत निःसंकोचपणे बेशिस्तीच्या बाजूने आहोत.

कायद्याविषयी लोकांच्या मनात भीती असे, म्हणून दोन शब्द. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचे संरक्षण आहे. म्हणजे केसरबाईंच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या मुक्त झाल्याला बराच काळ लोटला. २०१२ च्या दुरुस्तीने खाजगी, वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त वापराची सवलत ध्वनिमुद्रणालाही मिळाली. चौकात बसून दीडशे गाण्यांची चोरटी सीडी विकणे वेगळे, आणि आपल्या तबकडीची प्रत आपल्या गाडीत वाजवणे वेगळे.

अनोळखी यंत्रावर तबकडी वाजवायची ही अडचण फक्त कोल्हापूरकरांचीच नव्हती. १९७७ मध्ये अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेबाहेर जाण्यासाठी सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. तिच्यावर जगभरच्या संगीतातून निवडलेले नमुने आहेत आणि त्यांत भारतातर्फे केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. ज्याला ती सापडेल त्याच्याकडे कोणते यंत्र असेल हे कोणास ठाऊक? म्हणून नासाने तबकडीसोबत सुईही पाठवली, आणि वरच्या झाकणावर आकृत्या कोरल्या: सुई कोठे ठेवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. अल्लादिया खाँसाहेबांनी स्वतःचा आवाज मुंबईच्या स्टुडिओलाही दिला नाही, आणि त्यांची तालीम ताऱ्यांकडे निघाली आहे.

गाडीतला सीडीचा जमाना मात्र दहा-बारा वर्षांतच आटोपला. आधी यूएसबीची फट आली, मग ब्लूटूथ. आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत सीडीला जागाच नाही. संगणकांतूनही सीडी ड्राइव्ह गेला. मोझर बेअर कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये तिच्या दिवाळखोरीत विक्रीचा आदेश झाला. ज्यांच्या तरुणपणी मार्कर आणि कोऱ्या सीडींचा गठ्ठा हे चैनीचे सामान होते ते आता साठीत आहेत.

आणि सीडी मरत आहेत. ज्या रंगावर ठिपके भाजले तो सेंद्रिय रंग ऊन आणि उष्णता यांनी हळूहळू विटतो. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठ अंशांच्याही वर तापतो. वर्षानुवर्षे तिथे पडलेल्या सीडी सर्वांत आधी गेल्या. कपाटात अंधारात ठेवलेल्या काही अजून शाबूत आहेत. टेप खराब होते तेव्हा आवाज खरखरतो, दबतो, पण राहतो. सीडीचे तसे नाही. प्लेअरमधली दुरुस्तीची यंत्रणा चुका भरून काढीत राहते, ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि एक दिवस ती यंत्रणा थकते आणि सीडी एकदम बंद. त्यावर सर्वांत वाईट म्हणजे पुष्कळांनी सीडी केल्यावर मूळ टेप टाकून दिली. काही घरांत वडील गेल्यावर गाण्याची अडगळ म्हणून सगळा गठ्ठा भंगारात गेला; कोणी श्रद्धेने टाकला, कोणी जागा हवी म्हणून.

ज्यांच्याकडे असा गठ्ठा आहे त्यांना करता येण्यासारखे काम अवघड नाही. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह अजून विकत मिळतो. तो घ्यावा. सीडी कोमट पाण्याने, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल गोल फिरवून पुसू नये. वाचताना वेग कमी ठेवावा. ऑडिओ सीडी असेल तर न आकसता पूर्ण रूपात हार्ड डिस्कवर उतरवावी, एमपी-थ्री असेल तर आहे तशीच घ्यावी, पुन्हा आकसू नये. एक ड्राइव्ह वाचत नसेल तर दुसरा वाचतो, हा अनुभव आहे. जुना ड्राइव्ह कधीकधी नव्यापेक्षा दिलदार असतो. दोन प्रती दोन घरांत असाव्यात.

त्यानंतरचे काम नावाचे आहे. गठ्ठ्यात अशा सीडी पुष्कळ निघतात ज्यांच्यावर फक्त ‘जुने’ किंवा ‘गाडी २’ एवढेच लिहिलेले. आवाज ओळखणारी माणसे अजून आहेत. त्यांच्यासमोर गाणे लावावे, ते सांगतील ते लिहून घ्यावे: गायक कोण, राग कोणता, तबल्याला कोण, बैठक कोणाकडे झाली, साधारण साल कोणते, आणि मूळ टेप कोणाची होती. फाइलीचे नाव मराठीत दिले तरी आता कोणताही पडदा चौकोन दाखवत नाही.